घरच्या वर्कशॉपसाठी मिडी वुड लेथ: कोणता घ्यावा, घेताना काय तपासावं?

शमी_नाशिक
नमस्कार मंडळी. घरामागे ८ × १० फुटांची खोली आहे, तिथे मध्यम आकाराचा (मिडी) लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने कातायचं मशीन, बसवायचा आहे. करायच्या वस्तू: ११ इंची पोळपाट, १४ इंची लाटणी, ताकाच्या रव्या, चौरंगाचे पाय आणि हात बसला की वाडगे. वीज सिंगल फेज. मशीन, हत्यारं, चक (लाकूड धरणारे जबडे) सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत बसवायचं आहे.
समोर तीन पर्याय आहेत.
(अ) १० इंच स्विंग (मावणारा सर्वांत मोठा व्यास), १८ इंच अंतर (दोन टोकांमध्ये मावणारी लांबी), इलेक्ट्रॉनिक स्पीड, चिनी बनावट. सर्वांत स्वस्त.
(ब) १२ इंच स्विंग, १८ इंच अंतर, १ एचपी, बीडाचा मिडी लेथ.
(क) देशी बनावटीचा, चॅनेलच्या बेडचा ४ फुटी लेथ. मोटार वेगळी, चार पायऱ्यांची पुली. किंमत मधली.
विक्रेते सगळे एचपीबद्दलच बोलतात. नेमकं कशाकडे बघावं?

कातीव
एचपी नंतर बघा. आधी तुमच्या यादीतली सर्वांत रुंद आणि सर्वांत लांब वस्तू घ्या, लेथचा आकार त्यावरूनच ठरतो.

रुंद वस्तू म्हणजे पोळपाट. स्विंग म्हणजे स्पिंडलच्या (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून बेडपर्यंतच्या (खालच्या आडव्या रुळांपर्यंतच्या) उंचीची दुप्पट. १० इंची लेथवर २५४ मिमी व्यासाचं लाकूड कसंबसं फिरतं. ११ इंची पोळपाट २८० मिमीचा, आणि करवतीने कापलेला गोल कधीच अचूक नसतो, म्हणून सुरुवातीचा तुकडा २९० धरा. म्हणजे (अ) इथेच बाद. १२ इंचीवर ३०५ मिमी मिळतात. २९० चा तुकडा बेडपासून साडेसात मिमी वर फिरेल, तेवढं पुरतं.

टूल रेस्टचा (हत्यार टेकवायच्या पट्टीचा) बेडवर सरकणारा पाय, म्हणजे बॅंजो, यालाही उंची असते. १२ इंची लेथवर बॅंजोच्या वर साधारण साडेनऊ इंचच मोकळे उरतात. पोळपाट पातळ असल्याने बॅंजो त्याच्या पुढच्या बाजूला ठेवून काम भागतं, तो खाली सरकवावा लागत नाही. खोल वाडगा मात्र १२ इंचीवर १२ इंचाचा होत नाही. साडेनऊच धरून चाला.

आता लांबी. १४ इंची लाटण्याला दोन्ही टोकांना एकेक इंच वाया जाणारं लाकूड ठेवावं लागतं, म्हणजे १६ इंच. १६ इंच अंतराच्या लेथवर ते इतकं घट्ट बसतं की टेलस्टॉक (लाकडाचं उजवं टोक धरणारा सरकता भाग) मागे घ्यायला जागा राहत नाही. १८ हवेत, २० असतील तर उत्तम. लांब रवीचा दांडा यात बसणार नाही, पण त्यावर इलाज आहे: दांडा आणि खालचं फूल वेगळं कातून कुसवाने जोडायचं.

पटाशी
कातीव यांच्याशी सहमत. रवीवरून एक आठवण करून देते, इंडेक्सिंग बघून घ्या. हेडस्टॉकवर (स्पिंडल धरणाऱ्या डाव्या भागावर) २४ घरांची तबकडी आणि अडकवायची पिन असेल तर दर तिसऱ्या घराला खूण करून ८ पाकळ्या सारख्या अंतरावर आखता येतात, दर चौथ्या घराला ६. रवीच्या फुलाला हे फार उपयोगाचं आहे.
पिन अडकलेली असताना मोटार चालू केली तर पिन वाकते नाहीतर तबकडीचं भोक फाटतं. चालू करण्याआधी हाताने एक फेरा फिरवायची सवय याचसाठी हवी.

वीजतंत्री
पुढचा मुद्दा सर्वांत कमी वेगाचा. जाहिरातीत कमाल वेग मोठ्या अक्षरात छापतात, आणि पोळपाट करणाऱ्याला लागतो किमान वेग.

प्रचलित हिशेब असा: व्यास इंचात × आरपीएम = ६००० ते ९०००. ११ इंचाला ५५० ते ८०० आरपीएम. हा वेग तुकडा गोल आणि समतोल झाल्यावरचा. ओबडधोबड तुकडा चढवताना ३०० ते ४०० पासून सुरुवात करायची. ज्या लेथचा किमान वेग ७०० च्या वर आहे, त्यावर एवढा तुकडा चढवूच नये. २८० मिमीच्या तुकड्याची कड १००० आरपीएमला सेकंदाला जवळपास १५ मीटर, म्हणजे तासाला ५० किमीच्या पुढे धावते. चुकून ३००० वर लागलं तर दीडशे किमीच्या पुढे. म्हणून लेथ बंद करताना वेगाचं बटण शून्यावर आणायचं आणि चालू करण्याआधी पट्टा कुठल्या पायरीवर आहे ते डोळ्यांनी बघायचं.

(अ) आणि (ब) मध्ये बहुतेक डीसी मोटार आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. वेग बटणाने कमी केला की फिरवण्याची ताकद तेवढीच राहते, म्हणजे प्रत्यक्ष पॉवर वेगाच्या प्रमाणात घटते. १ एचपीची मोटार तिच्या पूर्ण वेगाच्या चौथ्या हिश्शावर चालवली तर हातात पाव एचपी. मग हत्यार टेकवलं की लेथ थांबतो आणि लोक ‘मशीन कमजोर आहे’ म्हणतात. पट्टा खालच्या पायरीवर घ्या. मोटार वेगात, स्पिंडल हळू, ताकद पूर्ण. मिडी लेथला तीन पायऱ्या असतात त्या याचसाठी.
घेताना विचारा: बोर्ड आणि कार्बन ब्रश सुटे मिळतात का? बोर्ड गेला आणि मिळाला नाही तर बाकी बीड धडधाकट असूनही लेथ पडून राहतो.

चिंचवडकर
(क) ला इतक्या लवकर निकालात काढू नका. देशी लेथ जड असतो, चार फूट अंतर मिळतं, पलंगाचे पाय होतात. मोटार काढून थ्री फेज मोटार आणि व्हीएफडी (विजेचे हर्ट्‌झ बदलून मोटारीचा वेग बदलणारं उपकरण) लावला की वेगाचा प्रश्नच मिटतो. वीजतंत्री, याचा हिशेब मांडाल का?

वीजतंत्री
मांडतो. १ एचपी, चार पोल, १४४० आरपीएमची थ्री फेज मोटार घ्या. ०.७५ किलोवॅटचा व्हीएफडी घ्या, ज्याला आत सिंगल फेज २३० व्होल्ट चालतात आणि बाहेर थ्री फेज २३० मिळतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती मोटारीच्या जोडणीत. आपल्याकडे छोट्या थ्री फेज मोटारी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये (तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेल्या येतात. तशीच व्हीएफडीला लावली तर तिला हव्या त्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या जरा वर मिळतं, आणि ५० हर्ट्‌झला ताकद तिसऱ्या हिश्शावर येते. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (तिन्ही गुंडाळ्या टोकाला टोक जोडून त्रिकोण) करा. तीनच असतील तर स्टारची गाठ आत बांधलेली आहे. मोटार रिवाइंड करणाऱ्याकडून ती सोडवून सहा टोकं बाहेर काढून घ्यावी लागतात. नेमप्लेटवर २३० डेल्टा / ४०० स्टार असं लिहिलेली मोटार मिळाली तर हा खटाटोप वाचतो.

पुलीच्या दोन पायऱ्या पुरतात. एक निम्मा वेग करणारी: १५ ते ७० हर्ट्‌झमध्ये स्पिंडल साधारण २१५ ते १००० आरपीएम. दुसरी दीडपट करणारी: २० ते ७० हर्ट्‌झमध्ये ८६० ते ३०००. १५ हर्ट्‌झवर तासभर काम करू नका. मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, वेग कमी झाला की वारा कमी आणि मोटार तापते.

थांबण्याचा वेळ ४-५ सेकंदांचा ठेवा. एका सेकंदात थांबवायला गेलात तर जड तुकडा फिरतच राहतो आणि चक आट्यावरून सुटून येतो. व्हीएफडी आणि मोटारीच्या मध्ये स्विच घालू नका. चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करायचं. व्हीएफडी भुशापासून लांब, भिंतीवर, हवा खेळेल अशा जागी. अर्थिंग पक्कं हवं. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडायला लागला तर तो काढून टाकायचा नाही; लेथला बोर्डापासून वेगळी लाइन ओढून व्हीएफडीला चालणाऱ्या प्रकारचा आरसीसीबी लावायचा.

कातीव
विजेचा प्रश्न सुटला, पण (क) ची खरी अडचण स्पिंडलच्या आट्यांत आहे. देशी लेथवर आटे बनवणाऱ्याच्या मर्जीचे असतात. तयार फोर-जॉ स्क्रोल चक (चारही जबडे एकदम हलणारे) हे १ इंच × ८ टीपीआय (इंचाला ८ आटे) किंवा एम३३ × ३.५ (व्यास ३३ मिमी, दोन आट्यांत ३.५ मिमी अंतर) या दोन मापांत सहज मिळतात, किंवा वेगळ्या मापाच्या इन्सर्टसह. पहिलं अमेरिकेत चालतं, दुसरं ब्रिटन-युरोपात. ॲडॉप्टर बनवून घेता येतो, पण त्याने चक स्पिंडलपासून आणखी इंचभर पुढे जातो, आणि टर्नरने तो एकाच बांधणीत कातला नसेल तर चक डोलतो. चक ०.१ मिमी डोलला तर त्याच मापाने ११ इंचाच्या कडेला ते कितीतरी पट दिसतं.
दुसरं म्हणजे मोर्स टेपर (एमटी), हेडस्टॉक आणि टेलस्टॉकमधलं निमुळतं भोक, ज्यात सेंटर किंवा ड्रिल चक बसतं. दोन्हीकडे एमटी२ हवा, त्याचं मोठं तोंड १७.७८ मिमी असतं. जुन्या आणि छोट्या लेथांवर एमटी१ असतो, मोठं तोंड १२ मिमीच्या जरा वर. त्यात ड्रिल चक आणि फिरते सेंटर दोन्ही हलके पडतात. काही देशी लेथांच्या टेलस्टॉकला टेपरच नसतो, नुसती अणकुचीदार खुंटी असते. मग भोक पाडण्याचं काम लेथवर होत नाही.
पलंगाचे पाय हाच मुख्य धंदा असेल तर (क). शमी यांच्या यादीला (ब).

शमी_नाशिक
खूप मदत झाली, (ब) कडे कल आहे. दोन प्रश्न. माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिकडचा जेट १२२१ किंवा रिकॉन ७०-२२० कंटेनरमधून आणता येईल, तसं करावं का? आणि सव्वा लाखातले मशीनला किती, बाकीला किती?

एडिसनकर
हे दोन्ही लेथ इकडे घरगुती वर्कशॉपमध्ये भरपूर आहेत, आणि चांगले आहेत. दोन्हींचा स्विंग साडेबारा इंच, अंतर २० इंचांच्या आसपास, १ एचपी, आटे १ इंच × ८, एमटी२. जेट ६० आरपीएमपर्यंत खाली जातो, रिकॉन २५० ते ३८५०.
पण ही मशीनं इथल्या ११०-१२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी आहेत. डीसी मोटार-बोर्डवाल्याला दोन किलोव्होल्ट-ॲम्पिअरचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं. साधी इंडक्शन मोटार असेल तर ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज सुधारतं, हर्ट्‌झ नाही. ती सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि तापते. शिवाय वजन, ड्यूटी, आणि बोर्ड बिघडला तर दाद कुणाकडे मागणार? बहिणीकडून आणायचंच तर चक, टूल रेस्ट आणि हत्यारं आणा. त्यांना वीज लागत नाही आणि सामानात बसतात. फक्त चकाचे आटे आधी जुळवून घ्या, आणि टूल रेस्टच्या दांड्याचा व्यासही. मिडीवर तो कुठे १६ मिमीच्या जवळ असतो, कुठे २५.४.

पटाशी
पैशांचं: निम्मे मशीनला, निम्मे बाकीला. सगळे लेथवर घालवले तर बोथट हत्यारं घेऊन बसावं लागतं.
बाकीत काय येतं ते सांगते. सगळ्यात आधी ग्राइंडर. ८ इंची, शक्यतो १४४० आरपीएमचा, ८० ग्रिटचं पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड चाक. बाजारातला साधा ग्राइंडर २८०० च्या पुढे फिरतो आणि करडं चाक एचएसएसला (हाय स्पीड स्टीलच्या हत्यारांना) लवकर तापवतं. त्याच्यासोबत हत्यार दर वेळी त्याच कोनात धरणारा जिग घ्याच. बोल गाउजची (वाडगे कोरायच्या पन्हळी पात्याच्या हत्याराची) धार नुसत्या हाताने सारखी ठेवणं नवख्याला जमत नाही, आणि धार बदलली की हत्यार लाकडावर कुठे टेकतं तेही बदलतं.
हत्यारं एचएसएसची पाच पुरतात: २० मिमी रफिंग गाउज, १० मिमी स्पिंडल गाउज, १२ मिमी बोल गाउज, २० ते २५ मिमी स्क्यू (तिरक्या धारेचं), ३ मिमी पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करायचं). गोल स्क्रेपर नंतर घ्या. बारा हत्यारांचा लाकडी पेटीतला स्वस्त संच घेऊ नका, त्यातली निम्मी कार्बन स्टीलची असतात आणि बाभळीला दोन मिनिटांत बोथट होतात.

हे ठळकपणे लिहिते: रफिंग गाउज पोळपाटाला किंवा वाडग्याला कधीही लावायचं नाही. ते लाटण्यासारख्या उभ्या रेषेच्या (लाकडाच्या रेषा लांबीला समांतर असलेल्या) कामाचं. त्याची मुठीतली शेपटी चपटी आणि बारीक असते. आडव्या रेषेचं लाकूड अर्ध्या फेऱ्यात कापू देतं आणि उरलेल्या अर्ध्यात टोकाकडून अडवतं. तिथे हत्यार अडकलं की शेपटीत मोडतं आणि पातं उडतं. रुंद कामाला बोल गाउजच, कारण तो अखंड गोल सळईतून घडवलेला असतो.

चिंचवडकर
दुकानात किंवा डिलिव्हरीच्या वेळी तपासायचं ते असं. दोन एमटी२ डेड सेंटर (न फिरणारी टोकदार सेंटरं) सोबत न्या. एक हेडस्टॉकला, एक टेलस्टॉकला. टेलस्टॉक सरकवून दोन्ही टोकं भिडवा आणि वरून, बाजूने बघा. टोकावर टोक यायला हवं. आडवा फरक असेल तर तो बहुधा टेलस्टॉक बेडच्या फटीत हलत असल्याने. टेलस्टॉक एका बाजूला दाबून लॉक करा, भरून निघतो का बघा. उभा फरक असेल तर हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची उंचीच चुकली आहे. ते मशीन घेऊ नका.
डायल गेज मिळालं तर स्पिंडलच्या खांद्यावर आणि आतल्या टेपरवर लावून हाताने फिरवा. काटा ०.०२ मिमीच्या आत राहायला हवा, ०.०५ च्या पुढे गेला तर परत करा. मग स्पिंडल वर-खाली हलवून बघा. ठक असा खेळ जाणवला तर बेअरिंगचं प्रीलोड सैल आहे.
बॅंजो लॉक करून टूल रेस्टच्या टोकावर अंगठ्याने जोर द्या. घसरला तर कॅमखालची नट पाव आटा फिरवून बघा. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच बसतो.
टेलस्टॉकचं चाक पूर्ण मागे घेतल्यावर आतलं सेंटर आपोआप बाहेर ढकललं जातं का, तेही बघा. नाहीतर दर वेळी ठोकून काढायचं.

मालवणी_लाख
एक पुरवणी. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणाऱ्या भातुकलीसारखं लाखेचं काम पुढे करायचं असेल, तर छोट्या व्यासाला वेग हवा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. वेग कमी पडला तर लाख दाणेदार राहते, सपाट पसरत नाही. चन्नपट्टणचे कारागीर मग केवड्याचं पान दाबून झिलई आणतात. दोन इंचांच्या लाटण्याला १५०० ते २५०० आरपीएम मिळाला की भागतं, आणि ते (ब) वर मिळतं.
लाकूड बारीक कणांचं घ्या. त्यासाठी काळा कुडा उत्तम. सागाच्या उघड्या छिद्रांत लाख सारखी बसत नाही.

शमी_नाशिक
पोळपाट चढवायचा कसा? चकात धरायला त्याला खालून बुंधा नसतो.

कातीव
मिडी लेथवर सुरक्षित रीत सांगतो. तुकडा ४० मिमी जाड, पूर्ण वाळलेला, गाभा टाळून फाडलेला. ओला असेल तर पोळपाट महिन्याभरात पन्हळीसारखा वाकतो आणि पोळी मध्यभागी लाटलीच जात नाही. वखारीतून फळी घेताना टोकाच्या रेषा बघा. त्या फळीच्या पृष्ठभागाला जितक्या काटकोनात उभ्या, तितका पोळपाट कमी वाकेल.

१. जी बाजू लाटायची होणार तिच्यावर फेसप्लेट (स्पिंडलवर बसणारी भोकांची चकती) चार स्क्रूंनी लावा. स्क्रू १२ ते १५ मिमी आत जावेत. ही बाजू नंतर तेवढी रंधली जाणार आहे, म्हणून भोकं राहत नाहीत.
२. टेलस्टॉक पुढे आणून टेकवा. सुरुवात ३५० आरपीएमला. आधी कड गोल करा, मग खालची बाजू सपाट.
३. खालच्या बाजूला चकाच्या जबड्यांच्या मापाचा, ४ मिमी खोल खळगा घ्या. ५० मिमी जबडे असतील तर खळगा ५५ च्या आसपास, कड आतून किंचित कबुतरशेपटी (तळाशी जरा रुंद). खळग्याभोवती निदान २० मिमी भरीव लाकूड हवं. कमी असलं तर जबडे आतून दाबताना लाकूड रेषेवर फाटतं.
४. उलटा करून खळग्यात जबडे फाकवून धरा, टेलस्टॉक पुन्हा टेकवा, वरची बाजू काता. मधला खुंट शेवटी, हलक्या हाताने, वेग न वाढवता काढा.
५. सरळ पट्टी ठेवून तपासा. मध्ये पाव मिमी उंच चालेल, खोलगट चालणार नाही.

वाडग्याला खळग्याऐवजी बाहेरचा बुंधा काढाल तेव्हा लक्षात ठेवा: जबडे जवळजवळ मिटलेले असताना पकड गोल आणि पूर्ण बसते, म्हणून बुंध्याचा व्यास मिटलेल्या जबड्यांहून थोडाच मोठा. बुंध्याचं टोक चकाच्या तळाला टेकता कामा नये. वाडग्याचा खांदा जबड्यांच्या तोंडावर बसायला हवा. तळाला टेकलं की खांदा अधांतरी राहतो आणि पहिल्याच अडकण्यात वाडगा निखळतो.

पटाशी
पोळपाटाला हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड लावू नका, त्यात वाळवण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. शेंगदाण्याचं किंवा गोडं तेल खवट होतं. फूड ग्रेड मिनरल ऑइल, नाहीतर काहीच नाही. ३२० पर्यंत पॉलिश पेपर, मग ओल्या फडक्याने पुसून रोवे उठवायचे, वाळलं की पुन्हा ३२०.

चिंचवडकर
सुरक्षेचं थोडक्यात. पॉलिकार्बोनेटचा पूर्ण चेहऱ्याचा शील्ड, नुसता चष्मा नाही. हातमोजे, ओढणी, मंगळसूत्र, सैल बाही, मोकळे केस यातलं काहीही लेथजवळ नको. पॉलिश पेपर करताना टूल रेस्ट काढून टाका आणि एन-९५ लावा. शिसवीची धूळ अनेकांना त्वचेला आणि श्वासाला सोसत नाही.
आणि मशीनला नो-व्होल्ट स्विच आहे का बघा. लाइट गेली, तुम्ही हत्यार ठेवून चकाची किल्ली लावली आणि लाइट आली, तर साध्या स्विचवर लेथ किल्लीसकट सुरू होतो. नसेल तर बाहेरून लावून घ्या.

शमी_नाशिक
स्विच लिहून घेतला. शेवटचं, स्टँड घेऊ की बनवू? आणि बेड एक्स्टेन्शन आत्ताच घ्यावं का?

कातीव
स्टँड बनवा. स्पिंडलचा मध्य तुमच्या कोपराच्या उंचीला यावा. तयार स्टँड बहुतेकांना बुटके पडतात आणि कमरेत वाकावं लागतं. पाय खाली फाकलेले, मध्ये कप्पा, त्यात वाळूच्या गोण्या. मिडी लेथ ५० किलोच्या आसपास असतो, असमतोल तुकड्याला तो स्वतःच्या वजनावर स्थिर राहत नाही. ऐंशी-शंभर किलो वाळू टाकली की फरक कळतो. लेथ बोल्टने आवळताना चारही पाय टेकतात का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला तर बेड पिळतो, आणि चिंचवडकरांनी सांगितलेली टोकं दुकानात जुळलेली असूनही घरी जुळत नाहीत. फट असेल तिथे पत्र्याची शिम घाला.

एक्स्टेन्शन आत्ता नको. पण मॉडेल असं घ्या ज्याला ते बसतं, आणि स्टँडची फळी उजवीकडे दोन फूट जास्त ठेवा. १० फुटांच्या भिंतीला लेथ लावाल तेव्हा टेलस्टॉकच्या टोकापासून भिंतीपर्यंत तेवढी जागा सोडा, म्हणजे टेलस्टॉक काढून ठेवता येतो आणि वाडग्याच्या आतल्या कामाला उजवीकडून उभं राहता येतं.